सुरणाच्या चुलतभावाचे नूडल्स: आठ महिन्यांनंतर

पहिलं पाकीट फोडलं तेव्हा आई हॉलमधून ओरडली, "अरे, मासळी आणलीस का?" आमच्याकडे मासळी होते, त्यामुळे प्रश्नात राग नव्हता, आशा होती. ओट्यावर मात्र कोंजॅक नूडल्सचं पाकीट होतं, आणि त्यातल्या पाण्याला खरंच बांगड्याच्या टोपलीखाली साचणाऱ्या पाण्यासारखा वास येत होता. मी ते तसंच कढईत ओतलं, वर टोमॅटोचा सॉस घातला आणि घरातल्या चौघांपैकी तिघांनी दोन घासांत ताटं बाजूला सारली. चौथा मी. पैसे माझे गेले होते.

त्यानंतर आठ महिने झाले. पंचवीस-तीस पाकिटं तरी संपली असतील.

या वाटेला लागायचं कारण असं. गेल्या वर्षी बायकोला सिलिअ‍ॅक निघाला, म्हणजे गव्हा-जवातल्या ग्लुटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार. आधी रक्ततपासणी, मग एंडोस्कोपी, मग गहू, रवा, मैदा, जव सगळं बंद, तेही कायमचं. त्याच महिन्यात माझा एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा, ६.२ आला, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, आणि डॉक्टरांनी माझ्या पोटाकडे पाहून जे काही म्हणायचं ते न बोलता म्हटलं. रविवारी रात्री पास्ता करणं हे आमच्या घरात माझं खातं. मुलगी सहा वर्षांची होती तेव्हापासून. ते खातं बंद करायचं नव्हतं.

सुरुवातीला मी एक ढोबळ चूक केली, आणि ओळखीत ती करणारे बरेच दिसतात. ‘ग्लुटेन-फ्री’ म्हणजे आपोआप हलकं, असं धरून चाललो. तांदूळ-मक्याचा महागडा पास्ता आणला आणि दोघांचंही काम झालं अशा समजुतीत राहिलो. मग एका रात्री दोन्ही पाकिटं शेजारी ठेवून मागचा तक्ता वाचला. कोरड्या शंभर ग्रॅममागे गव्हाचा पास्ता साडेतीनशे कॅलरींच्या आसपास, आणि तांदूळ-मक्याचाही तेवढाच. प्रोटीन उलट कमी. हरभऱ्याच्या पिठाच्या पास्त्यात प्रोटीन चांगलं असतं, शंभर ग्रॅमला वीसच्या घरात, पण कॅलरीत तोही फार मागे नाही. वजनाची तक्रार माझी, ग्लुटेनची तिची. एका पाकिटात दोन्ही नवस फिटायचे तर यादी अगदी छोटी होते: एक कोंजॅक आणि बाकी भाज्या.

कोंजॅक हा सुरणाचा चुलतभाऊ. वनस्पतिशास्त्रात दोघांचं आडनाव एकच, अमॉर्फोफॅलस. जपानमध्ये गुन्मा प्रांतात याची मोठी शेती होते. कंदाचं पीठ पाण्यात फुगवतात आणि चुन्याच्या निवळीने ते घट्ट बसवतात. हे कळल्यावर आईचा विरोध थोडा मावळला, कारण चुन्याची निवळी तिच्या ओळखीची. माशासारखा वास येतो तो याच पिठाचा आणि चुन्याच्या पाण्याचा. तयार नूडल्समध्ये जवळजवळ ९७ टक्के पाणी आणि उरलेला बहुतेक भाग ग्लुकोमॅनन नावाचा तंतू. दोनशे ग्रॅमच्या पाकिटात कॅलरी फार तर वीस-तीस. जपानीत याला शिराताकी म्हणतात, म्हणजे पांढरा धबधबा. पहिल्या दिवशी मला तो गांडुळांचा गठ्ठा वाटला होता, हे प्रामाणिकपणे सांगतो.

वास घालवायची युक्ती साधी आहे, फक्त आळस करून चालत नाही. चाळणीत ओतून वाहत्या नळाखाली दोन मिनिटं, हाताने चोळून. मग उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं. मी त्यात थोडं व्हिनेगर टाकतो. पुन्हा निथळायचं. आता खरी पायरी, जी मला दीड महिना माहीत नव्हती: जाड बुडाचा तवा चांगला तापवून, तेल न घालता, नूडल्स त्यावर कोरड्या परतायच्या. आधी वाफ येते, मग चुरचुर आवाज, मग मधूनच चिमण्या चिवचिवल्यासारखं ऐकू येतं. हे चिवचिवणं सुरू झालं की सहा-सात मिनिटं झालेली असतात, नूडल्स थोड्या आक्रसलेल्या असतात आणि तव्यावर ओलावा उरलेला नसतो. इथे थांबायचं. ही पायरी गाळली तर नूडल्समधलं पाणी सॉसमध्ये उतरतं आणि ताटाच्या तळाशी लाल पाण्याचं तळं होतं.

तरीही ते पास्त्यासारखं लागत नाही. गव्हाचा पास्ता शिजताना पाण्यात पिष्ट सोडतो, त्याने सॉस दाटतो आणि पास्त्याला धरून राहतो. कोंजॅकमध्ये पिष्टच नाही. सॉस वरून घसरतो, नूडल एकीकडे आणि चव दुसरीकडे. टोमॅटो-तुळशीचा पातळ सॉस, किंवा नुसतं ऑलिव्ह तेल आणि लसूण, हे दोन प्रकार मी चार-चार वेळा करून सोडून दिले. दुसऱ्यात तर हिशेबही फसतो. तेलाचा एक मोठा चमचा म्हणजे १२० कॅलरी. पास्त्याच्या अडीचशे वाचवायच्या आणि कढईत दोन चमचे तेल ओतून त्या परत आणायच्या, हा उद्योग मी बरेच रविवार केला.

चालतं काय? दाट, तिखट, अंगाला चिकटणारं. काजूची पेस्ट घातलेली लाल ग्रेव्ही. शेंगदाण्याचं कूट, लसूण आणि लाल तिखट. आणि आमच्याकडचं सगळ्यांत यशस्वी प्रकरण म्हणजे आदल्या दिवशीचा कोंबडीचा रस्सा, आटवून अर्धा केलेला, त्यात या नूडल्स दहा मिनिटं मुरवलेल्या. आईने पहिल्यांदा दुसरा वाढा मागितला तो याचा. त्या दिवसापासून मी पास्त्याची अपेक्षा सोडली आणि नूडल्स आवडायला लागल्या. इटलीच्या पंगतीत हा पाहुणा अवघडून बसतो, रश्श्यात मात्र पाय पसरतो.

कोंजॅकमध्ये पोषण जवळजवळ काहीच नाही, हे मात्र धरून चालावं. अंडं, पनीर, चिकन, चणे यांतलं काहीतरी सोबत नसेल तर तासाभरात पोट पुन्हा भांडायला लागतं. उलट बाजूही पाहिली आहे: एकदा हौसेने दोन पाकिटं एकट्याने खाल्ली आणि रात्रभर पोटात ढोल वाजत होते. नीट चावून खायचं, वर पाणी प्यायचं. आईच्या गोळ्यांच्या वेळेजवळ हे जेवण ठेवत नाही, कारण असा तंतू गोळीचं शोषण मंदावू शकतो. तिच्या डॉक्टरांना विचारूनच वेळा ठरवल्या.

एक पाकीट मी ‘टिकेल’ म्हणून फ्रीझरमध्ये टाकलं होतं. बाहेर काढलं तेव्हा सुतळी झाली होती. पाणी गोठून बाहेर पडतं आणि मागे रबर उरतं. आता कपाटात, थंड जागी, आणि फोडलेलं असेल तर पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये दोन दिवस.

भाज्यांबद्दल थोडक्यात. झुकिनीसाठी मी स्पायरलायझर (भाजीच्या शेवया काढायचं साधन) घेतला, पण आता ड्रॉवरमध्ये पडून आहे. रुंद सोलाण्याने काढलेल्या पट्ट्या जास्त चांगल्या होतात. मीठ लावून पंधरा मिनिटं, मग फडक्यात घट्ट पिळायच्या आणि मोठ्या आचेवर दीड मिनिट, त्याहून एक क्षणही जास्त नाही. झुकिनी महाग पडते तेव्हा कोवळा दुधी त्याच पद्धतीने, बियांचा गर टाकून. दुधीचा एक तुकडा आधी कच्चा चाखायचा. कडू लागला तर सरळ फेकायचा, कडू दुधी विषारी असतो, मसाल्याने तो गोड होत नाही. आणि कोबी! लांब, बोटभर रुंद पट्ट्या, थोड्या करपू दिलेल्या. किंमत, चव आणि खटाटोप तिन्ही पाहिलं तर आमच्या घरात कोबी जिंकला आहे, फक्त हे पाहुण्यांना सांगायला थोडं ओशाळायला होतं.

आता बायकोची बाजू, कारण ती माझ्यापेक्षा गंभीर आहे. माझ्याकडून चूक झाली तर वजनकाटा हलतो, तिच्यासाठी झाली तर तिचे चार दिवस जातात. तिसऱ्या महिन्यात असंच झालं. पास्ता तांदळाचा, कढई वेगळी, चाळणी नवी, तरी तिला त्रास. दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी सापडलं ते हिंगात. रश्श्याच्या फोडणीत जी डबी वापरली, तिच्यावर बारीक अक्षरांत गव्हाचं पीठ लिहिलं होतं. बांधणीचा हिंग म्हणजे पिठात मिसळलेला हिंग, हे मला चाळिशी ओलांडेपर्यंत माहीत नव्हतं. आता तांदळाच्या पिठाचा हिंग मिळतो तो आणतो. तसाच सोया सॉस: बऱ्याच बाटल्यांत गहू असतो. कोंजॅकच्या काही पाकिटांतही ओटचा तंतू घातलेला असतो, आणि ओटमध्ये गहू मिसळलेला असू शकतो, म्हणून दरवेळी मागची बाजू वाचतो. पाकिटावर ‘ग्लुटेन-फ्री’ लिहायचं तर किलोला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नको असा आपल्याकडे नियम आहे, आणि तो शिक्का पाहिल्याशिवाय ती पाकीट हातात घेत नाही.

गिरणीचंही तसंच. तांदूळ आपले, बेसनासाठी डाळ आपली, पण आधीच्या बाईंचा गहू त्याच जात्यातून गेलेला. गिरणीवाल्या काकांनी "धुऊन देतो ताई" म्हटलं, त्यांच्या मनात खोट नव्हती. आम्ही घरगुती चक्की घेतली. या सगळ्या प्रकरणात सर्वांत मोठा खर्च तोच.

तिच्यासाठी खरा पास्ता म्हणून तांदूळ-मक्याचाच राहिला. सल्ला एवढाच: पाकिटावरच्या वेळेच्या दोन मिनिटं आधीपासून चाखत राहायचं, कारण कच्चा आणि लगदा यांच्यात फार तर एक मिनिट असतं. आणि लगेच खायचा. दुसऱ्या दिवशी डब्यात तो खडूसारखा कडक झालेला असतो.

कोंजॅकचं एक पाकीट मला दीडशे ते अडीचशे रुपयांना पडतं. रोजच्या जेवणाला हे परवडत नाही. महिन्याला तीन-चार पाकिटं, रात्रीच्या जेवणाला, असं आता बसलं आहे. ६.२ चा आकडा ५.९ झाला, पण त्याच काळात मी रात्रीचा भात अर्धा केला आणि संध्याकाळी चालायला लागलो, तेव्हा श्रेय नूडल्सना देणार नाही.

गेल्या महिन्यात आईने माळ्यावरून शेवया पाडायचा लाकडी शेवगा काढायला लावला. घरच्या चक्कीवर दळलेलं तांदळाचं पीठ, त्याची उकड, मुटके पाण्यात उकळून गरम असतानाच शेवग्यात. मी वरून दाबत होतो, मुलगी खाली ताट फिरवत होती. शिरवाळे आणि गूळ घातलेला नारळाचा रस. ग्लुटेन शून्य, कॅलरींचं विचारू नका. बायकोने तीन वेळा घेतले. मी दुसऱ्यांदा ताट पुढे केलं तेव्हा आईने रस वाढता वाढता विचारलं, "आणि त्या तुझ्या धबधब्याचं पाकीट उरलंय ना एक? ते उद्या तुझ्यापुरतंच कर."