नक्षीदार सुरीची पहिली मूठ: शिसम की हायलम?

नक्षीच्या पोलादाचं, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांचे थर जोडून केलेलं डमास्कसचं पातं घरी आलं की पहिले दोन दिवस माणूस ते नुसतं उजेडात धरून बघत बसतो. तिसऱ्या दिवशी प्रश्न पडतो, मूठ कशाची करायची? मूठ म्हणजे पात्याच्या मागच्या पोलादी पट्टीला दोन्ही बाजूंनी चिकटवून पिनांनी धरलेल्या दोन फळ्या. नागपुरात नवशिक्यापुढे दोन सोप्या वाटा आहेत. एक, लकडगंजातल्या आरामशीनवरून शिसमाचा तुकडा आणायचा. दुसरी, मोटार रिवाइंडिंगचं सामान मिळतं तिथून कापडी हायलमची शीट आणायची. परदेशी सुऱ्यांवर मायकार्टा म्हणून जे दिसतं, ते याच जातीचं: कापडाचे थर फिनॉलिक रेझिनमध्ये भिजवून, तापवून, दाबून केलेली फळी.

सागवान आधी सुचतं, आलापल्लीचं सागवान आपल्या दाराशीच आहे. पण त्यात अंगचं तेल असतं. चिकटवायच्या आधी अ‍ॅसिटोननं नीट पुसलं नाही तर जोड धरत नाही, आणि शिसमाच्या मानानं ते मऊही आहे. पहिल्या सुरीसाठी मी ते बाजूला ठेवतो.

दिसायला शिसम पुढे आहे, यात वाद नको. तपकिरी अंगातल्या काळपट रेषा आणि पात्यावरच्या लाटा एकमेकींना शोभतात. हायलम त्यापुढे साधी दिसते, बदामी किंवा गडद तपकिरी, जवळून पाहिलं तर कापडाची वीण तेवढी दिसते. पण निवड दिसण्यावर करू नका, हवेवर करा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत होते. जुलैत तीच हवा ओलीचिंब. त्यात उन्हाळाभर घरात कूलर. लाकूड हे सगळं पिऊन घेतं. लांबीत ते फारसं हलत नाही, रुंदीत हलतं. मूठ २५ मिलिमीटर रुंद धरली आणि लाकूड फक्त १ टक्का आक्रसलं, तरी पाव मिलिमीटर गेला. पोलाद मात्र जागचं हलत नाही.

हे मी हातानं अनुभवलंय. माझी पहिली मूठ शिसमाची, श्रावणात केलेली. तेव्हा लाकूड आणि पोलाद इतकं एकजीव होतं की डोळे मिटून बोट फिरवलं तर जोड कळत नव्हता. चैत्रात कांदे चिरताना तळव्याला काहीतरी टोचायला लागलं. मुठीच्या पाठीवर पोलादाची कड वर आली होती, नख अडकेल इतकी. लाकूड वाईट नव्हतं. ते दमट होतं आणि मी त्याला घरात मुरू दिलं नव्हतं. आता शिसम आणलं की फळ्या पाडून दोन-तीन महिने कपाटावर ठेवतो आणि काम दिवाळीनंतर काढतो. हायलमला हा विचारच करावा लागत नाही. आणली, कापली, लावली.

हायलमचे त्रास वेगळे. कापताना हॅक्सॉचं पान लवकर बोथट होतं, आणि घासताना उडणारी धूळ फुफ्फुसाला वाईट. मास्क लावूनच काम करा, शक्यतो पाणी मारून घासा. शिसमाची धूळही काहींना त्रास देते, तेव्हा मास्क दोन्हीकडे हवाच. शीटचा चकचकीत पृष्ठभाग खरडून खडबडीत केला नाही तर एपॉक्सी, म्हणजे दोन नळ्यांतलं मिसळून लावायचं चिकटद्रव्य, त्यावर बसत नाही. आणि ४०० नंबरच्या सँडपेपरपुढे जाऊ नका. आरशासारखी केली की ओल्या, तेलकट हातात सटकते. तिथेच थांबलात तर मात्र सावजी वाटणाच्या हातांनीही पकड सुटत नाही.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी, आणि नवशिक्याचं पातं बहुधा इथेच खराब होतं. थर पात्यात आरपार असतात, पण डोळ्याला दिसतात ते आम्लानं उठवलेल्या वरच्या पापुद्र्यामुळे. कमी निकेलचा थर काळवंडतो, जास्त निकेलचा चमकत राहतो. त्यावरून पेपर फिरला की नक्षी गेली. म्हणून फळ्यांची पात्याकडची टोकं चिकटवण्याआधीच पूर्ण घासून, गोलाई देऊन, पॉलिश करून घ्या. नंतर तिथे कानस लावायला जागाच उरत नाही. दोन्ही फळ्या पिनांवर एकत्र ओवून टोकं एकदमच घासली की दोन्ही बाजू सारख्या येतात. धारेला जाड पुठ्ठा आणि टेप गुंडाळून ठेवा.

भोकांचंही तसंच. पात्यावर आयती भोकं असतात. आधी व्हर्नियरनं मोजा. पाव इंची निघाली तर ती ६.३५ मिलिमीटरची, आणि इतवारीत लोहा ओळीत पितळेची सळई मागितली की हातात ६ मिलिमीटरची पडते. ती फट एपॉक्सी भरेल, पण फळी सरकते. पाव इंचीच मागून घ्या. एक फळी पात्याला शिकंज्यात आवळा, पात्याच्या भोकातूनच ड्रिल करा, त्यात पिन घाला, मग दुसरं भोक.

पिना ठोकून रिबीट करायच्या की नुसत्या एपॉक्सीत बसवायच्या? शिसमात नवशिक्यानं ठोकू नये, एक घाव जास्त पडला की फळी उभी चिरते. हायलम ठोकणं सोसते, पण गरज नाही. संथ एपॉक्सी, दोन्ही नळ्यांतून सारखं माप, शिकंजा बेतानं. जोर लावून आवळलं तर सगळी एपॉक्सी बाहेर येते आणि जोड कोरडा राहतो. पाच मिनिटांत धरणारी एपॉक्सी उन्हाळ्यात तर घेऊच नका. आपल्या उकाड्यात संथ एपॉक्सीही लवकर घट्ट होते, झटपटची हातातच दगड होईल. पात्याकडे ओघळलेली एपॉक्सी ओली असतानाच अ‍ॅसिटोनच्या बोळ्यानं पुसा.

आता निवड. सुरी घरातले सगळे वापरणार, कुणीतरी ती रात्रभर सिंकमध्ये ठेवणार, हे माहीत असेल तर हायलम. नक्षीची बरीच पाती स्टेनलेस नसतात. फळीखाली पाणी शिरलं की आतून गंज चढतो आणि तो फळी उचलतो. सुरी तुम्ही एकटेच वापरणार, संत्रं चिरलं की लगेच धुऊन पुसणार, वर्षातून दोनदा मुठीला जवसाचं तेल चोळणार असाल तर शिसम घ्या. पातं पावसाळ्यात हाती आलं असेल आणि धीर निघत नसेल तर हायलमच. शिसमाची फळी तोवर कपाटावर मुरू द्या, दुसऱ्या सुरीला कामी येईल.