रिक्युव्हा आणि फाइल हिस्टरी: गेलेली फाइल नेमकी कोण परत देते?

पिरिफॉर्म कंपनीचे रिक्युव्हा हे विंडोजसाठीचे मोफत सॉफ्टवेअर डिलीट झालेल्या फायली शोधून देण्याचे काम करते. ते संगणकावर असले म्हणजे बॅकअपची सोय झाली, असे मात्र अनेक जण धरून चालतात. म्हणून फायलींच्या प्रती आपोआप जपून ठेवणाऱ्या, विंडोजमध्येच असलेल्या फाइल हिस्टरी या सोयीच्या शेजारी ठेवून त्याचे परीक्षण करणे मला योग्य वाटते.

रिसायकल बिन रिकामी केली तरी एनटीएफएस (विंडोजची डिस्कवर फायली मांडण्याची नेहमीची पद्धत) असलेल्या डिस्कवरचा मजकूर लगेच पुसला जात नाही. मास्टर फाइल टेबलमधील, म्हणजे डिस्कवरच्या फायलींच्या यादीतील, त्या फायलीच्या नोंदीवर ती वापरात नसल्याची खूण होते आणि तिची जागा नव्या फायलींसाठी मोकळी मानली जाते. रिक्युव्हा अशा नोंदी वाचून प्रत्येक फायलीपुढे हिरवा, नारिंगी किंवा लाल ठिपका दाखवते; हिरवा म्हणजे फाइल परत मिळण्याची आशा चांगली, लाल म्हणजे फारच कमी. कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह असेल आणि चूक लक्षात येताच त्यावर काहीही नवे साठवणे थांबवले असेल, तर रिक्युव्हाचे काम खरोखर चांगले आहे. नोंदच शिल्लक नसेल तर संपूर्ण डिस्क धुंडाळणाऱ्या डीप स्कॅनचा पर्याय आहे, परंतु त्याला बराच वेळ लागतो आणि मिळालेल्या फायलींची मूळ नावे बहुधा गेलेली असतात. पेन ड्राइव्हवरून चालणारी पोर्टेबल आवृत्ती वापरावी, कारण ज्या डिस्कवरची फाइल गेली तिच्यावरच रिक्युव्हा इन्स्टॉल केले, तर ते स्वतःच त्या फायलीच्या जागेवर लिहिले जाण्याचा धोका असतो.

माझा आक्षेप हिरव्या ठिपक्याला आहे. त्या जागेवर दुसरी फाइल आलेली नाही, एवढेच तो सांगतो. हल्लीच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या हार्ड डिस्कऐवजी चिपवर साठवणारी एसएसडी असते आणि विंडोज ७ पासून फाइल डिलीट होताच ट्रिम आज्ञेद्वारे तो भाग आता नको असल्याचे एसएसडीला कळवले जाते. त्यानंतर तेथे बहुतेक वेळा केवळ शून्ये वाचायला मिळतात. फायलीचे नाव आणि आकार शाबूत, ठिपका हिरवा, आणि फाइल मात्र उघडत नाही! ट्रिमने रिकामी केलेली जागा महागड्या रिकव्हरी सॉफ्टवेअरलाही भरता येत नाही, तरीही अशा डिस्कवर आशादायक शेरा दाखवणे दिशाभूल करणारे आहे.

विंडोज ८ पासून आलेली फाइल हिस्टरी मुळात वेगळ्या तत्त्वावर चालते. डिस्कवर काय उरले आहे याच्याशी तिला देणेघेणे नाही. बदललेल्या फायलींची प्रत ती ठरलेल्या वेळाने, मूळ सेटिंगप्रमाणे दर तासाला, बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवते. त्यामुळे जे नुकसान रिक्युव्हाच्या कक्षेतच येत नाही, तेही ती भरून काढू शकते. अहवालातील दोन प्रकरणे चुकून खोडून फाइल सेव्ह केली, तर डिलीट काहीच झालेले नसते आणि शोधायलाही काही नसते. फाइल हिस्टरीत मात्र त्याच फायलीची आधीची आवृत्ती तारीख पाहून परत आणता येते.

तिच्यातही उणिवा आहेत. ती आपणहून सुरू नसते आणि विंडोज ११ मध्ये कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन शोधावी लागते. शिवाय ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स अशा ठरावीक फोल्डरांपुरतीच पाहते. आपल्याकडे महत्त्वाचे सारे डी ड्राइव्हवर ठेवण्याची सवय आहे. ते फोल्डर लायब्ररीत (विंडोजच्या फोल्डर-संग्रहात) जोडले नाहीत, तर त्यांची एकही प्रत निघत नाही आणि तसा इशाराही मिळत नाही. विंडोज आणि इन्स्टॉल केलेले प्रोग्रॅम तर ती घेतच नाही, त्यासाठी संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत (इमेज) घेणारे सॉफ्टवेअर लागते. बाहेरची डिस्क कायम जोडलेली असेल, तर रॅन्समवेअर (फायली अडकवून खंडणी मागणारे घातक सॉफ्टवेअर) मूळ फायलींबरोबर या प्रतीही कुलूपबंद करू शकते, त्यामुळे ती डिस्क अधूनमधून काढून ठेवणे इष्ट. तेवढ्या वेळात नव्या प्रती संगणकातच तात्पुरत्या साठवल्या जातात आणि डिस्क पुन्हा जोडली की तिच्यावर जातात.