अळणी गोठवायचं की रस्साच? आणि ठेवायचं कशात?

पुण्याला असणारी बहीण दर दोन महिन्यांनी घरी येते आणि जाताना बॅगेत अळणी घेऊन जाते. मागच्या वेळी तिनं विचारलं, दादा, हे असंच गोठवून ठेवू की तांबडा-पांढरा करूनच फ्रीझरला टाकू, म्हणजे ऑफिसातनं आल्यावर नुसतं गरम करायचं. फोनवर तिला जे सांगितलं तेच इथं जरा सविस्तर लिहितो, कारण दोन्ही प्रकार करून बसलोय आणि दोन्हीत एकदा तरी हात पोळलाय.

कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी एवढंच की अळणी म्हणजे हळद, मीठ, आलं-लसूण लावलेलं मटण शिजल्यावर जे पाणी उरतं ते. नाव अळणी असलं तरी मीठ असतंच, नाव कुणी ठेवलं देव जाणे. आमच्यात आई पातेल्यावर पाण्याचं ताट ठेवते, ते तापलं की मटणात ओतते, ताटात परत गार पाणी, असं चार-पाच वेळा होतं आणि रस्सा कमी पडला हे पाहुण्यांच्या तोंडून ऐकायला लागू नये म्हणून ती एक फेरी जास्तच मारते, मग किलोभर मटणामागं लिटर-दीड लिटर अळणी हमखास उरतं.

बुधवारी परत मटण-चिकन काहीतरी होणारच असेल तर फ्रीझरच्या नादाला लागू नका. खाली फ्रीजात तीन दिवस चांगलं राहतं. पायाचं अळणी असेल तर दुसऱ्या दिवशी थिजून थरथरायला लागतं आणि ते बिघडलं म्हणून बेसिनमध्ये ओतून देणारी माणसं मी बघितलीत. अहो, हाडातलं जिलेटिन आहे ते, गरम केलं की परत पाणी होतं.

आता मुख्य प्रश्न. पांढरा रस्सा गोठवू नका, विषय संपला. गेल्या वर्षी मेहुणे येणार म्हणून मी चार दिवस आधी पांढरा करून लिटरभर गोठवला, आदल्या रात्री फ्रीजात खाली काढला आणि सकाळी डबा उघडला तर खाली पिवळट पाणी, वर काजू-खसखशीचा चोथा आणि खोबऱ्याच्या तेलाचे पांढरे खडे. नारळाच्या दुधात तेलाचे बारीक थेंब पाण्यात विखुरलेले असतात, गोठताना बर्फाचे स्फटिक त्यांना एकमेकांवर ढकलतात, थेंब एकत्र येतात आणि वितळल्यावर परत मिसळायचं नाव घेत नाहीत. मिक्सरला फिरवला, दहा मिनिटं एकदम गुळगुळीत, म्हटलं जमलं, आणि वाट्या भरून ताटापर्यंत जाईस्तोवर परत फुटला. मेहुणे काही बोलले नाहीत, पण दुसऱ्यांदा वाटी पुढं कुणी केली नाही, आता कोल्हापुरात यापेक्षा मोठा अपमान कोणता ते सांगा.

तांबड्याचं तसं नाही. वर तेलाचा कट येतो, तोच गोठून झाकणासारखा बसतो, त्यामुळं आतला रस्सा बराच सांभाळला जातो. पण महिन्याभरानंतर सुक्या खोबऱ्याला हलकासा खवट वास यायला लागतो, चटणीचा तो पहिला झणका राहत नाही आणि बटाटा टाकला असेल तर तो स्पंजासारखा होतो. म्हणजे तांबडा चालतो, तीन-चार आठवड्यांत संपवणार असाल तर.

अळणीचं मात्र बिघडण्यासारखं काही नसतं. दोन-तीन महिने चव फारशी हलत नाही आणि मुख्य म्हणजे वितळल्यावर तुम्ही ठरवायचं, कांदा-लसूण चटणी टाकून तांबडा करायचा, ताजं नारळाचं दूध काढून पांढरा करायचा, पुलाव करायचा की पोराला ताप आलाय म्हणून मिरपूड टाकून नुसतं प्यायला द्यायचं. करून ठेवलेला तांबडा हा तांबडाच राहतो. वेळ वाचतो म्हणाल तर वाटण आधीच करून वेगळं गोठवलेलं असलं की अळणीपासनं तांबडा वीस मिनिटांत होतो, त्यासाठी अख्खा रस्सा करून ठेवायची गरज नाही. आणि मटण न खाणाऱ्यांसाठी सांगतो, पुरणाच्या डाळीची येळवणी, म्हणजे शिजलेल्या डाळीचं गाळून काढलेलं पाणी, पण अशीच गोठते, खाली गाळ बसतो तेवढा हलवून घ्यायचा.

कशात ठेवायचं, यात घरोघरी मतं आहेत. स्टीलचा डबा लवकर गार होतो, वास धरत नाही, घरात असतोच. पण गोठलेला गोळा बाहेर काढायला डबा नळाखाली पाच मिनिटं धरावा लागतो आणि मायक्रोवेव्हमध्ये तो जात नाही. काचेची बरणी मी तरी वापरत नाही, पाणी गोठताना साधारण 9 टक्के फुगतं आणि निमुळत्या गळ्याची बरणी काठोकाठ भरली तर तडकणारच. स्टीलच्या डब्यातसुद्धा वर दोन बोटं जागा सोडा, नाहीतर झाकण वर उचललं जातं.

झिपच्या पाऊचात अर्धा-अर्धा लिटर भरून, हवा काढून, ताटलीत आडवे ठेवून गोठवले की पाटीसारखे चपटे होतात, पुस्तकं लावल्यासारखे उभे राहतात आणि वितळायला पण लवकर. मी आता हेच करतो. फक्त अळणी पूर्ण गार झाल्यावरच भरायचं आणि साधी पातळ पिशवी वापरायची नाही, ती कोपऱ्यात फाटते आणि मग फ्रीझरच्या तळाला मटणाचा पिवळा बर्फ खरवडत बसायचं.

बर्फाच्या ट्रेची आयडिया सगळेच सांगतात. अळणी आटवून निम्मं करायचं, ट्रेत ओतायचं, खडे झाले की डब्यात काढायचे, भाजीत दोन खडे टाकायचे. कामाची आहे, पण ट्रे त्या कामाला वेगळा ठेवा. आमच्याकडं हळदीनं पिवळा पडलेला ट्रे धुऊन परत साध्या बर्फाला लावला आणि माळकरी मामा उन्हातनं आले म्हणून लिंबू सरबतात त्यातला बर्फ पडणार तेवढ्यात आई ओरडली. धुतलेल्या ट्रेला पण लसणाचा वास होता, मी हुंगून बघितला. आटवून ठेवणार असाल तर मीठ आधीच कमी टाका, निम्मं आटलं की खारटपणा दुप्पट.

खरी चूक ठेवण्यात नाही, गार करण्यात होते. रात्री पातेलं ओट्यावर झाकून ठेवायचं आणि सकाळी उकळलं की झालं, हे आपल्याकडं पिढ्यान् पिढ्या चाललंय. पण काही जंतूंची बीजं उकळूनही मरत नाहीत, कोमट पाण्यात रात्रभर वाढतात आणि त्यातल्या काहींनी सोडलेलं विष सकाळच्या उकळीनं जात नाही. म्हणून दोन तासांच्या आत गार करून आत. मोठ्या परातीत गार पाणी, मिळालं तर बर्फ, त्यात पातेलं ठेवून हलवत राहायचं, किंवा सरळ तीन-चार उथळ भांड्यांत वाटून टाकायचं. हाडं काढून गाळून घ्या, वरच्या चरबीचा थर गोठवताना राहू दे, वापरताना काढा.

फ्रीझर उणे 18 अंशाला असावा म्हणतात, सिंगल डोअर फ्रीजचा वरचा कप्पा प्रत्येकाचा तेवढा गार होतोच असं नाही. आइस्क्रीम दगडासारखं राहतंय का बघा, मऊ पडत असेल तर अळणी दोन-तीन आठवड्यांत संपवा. लाईट गेली तर गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता साधारण दोन दिवस तग धरतो, अर्धा भरलेला एक दिवस, फ्रीजचा छोटा कप्पा त्याहून कमी. 2019 च्या पुरात आमच्याकडं त्याहून जास्त दिवस लाईट नव्हती, सगळं ओतून टाकलं. तेव्हापासनं वाटीभर पाणी गोठवून त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवलंय, गावाहून आल्यावर नाणं बुडालेलं दिसलं की समजायचं मधे सगळं वितळून परत गोठलंय.

गरम करायला गॅसच. पाऊच आदल्या रात्री खाली फ्रीजात काढा, ओट्यावर नको. विसरलात तर पाऊचवर नळाचं पाणी सोडून पाटी सुटी करा, पातेल्यात पाव वाटी पाणी घालून मंद आचेवर झाकून ठेवा, वितळली की आच वाढवून खळखळून उकळी येऊ द्या. मायक्रोवेव्ह एका वाटीपुरता ठीक, कडेला उकळतं आणि मधे बर्फाचा खडा तसाच असतो, दोनदा थांबवून हलवावं लागतं. पुलावासाठी गोळा सरळ कुकरमध्ये टाकता येतो, पण बर्फाच्या गोळ्यात पाणी किती ते डोळ्याला कळत नाही, माझा भात एकदा खीर झालाय, त्यामुळं आधी वितळवून मापानंच घाला. आणि उरलेलं परत गोठवायचं नाही, म्हणून तर अर्ध्या लिटरचे पाऊच.

बहिणीनं शेवटी सहा पाऊच अळणीचे नेले, रुमालात आणि चार थर पेपरात गुंडाळून, पाच तासांच्या प्रवासानंतर मधले दोन अजून टणक होते, कडेचे तिनं त्याच रात्री वापरले. वर आईनं चटणीची बरणी दिली आणि बजावलं, श्रावण लागायच्या आत संपव, नाहीतर तुझ्या सासूबाई फ्रीज उघडतील.