लोखंडी कूलरला हनीकोंब पॅड : दोन इंचीपेक्षा ताजं गवत बरं

एप्रिल लागला की नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या कूलरच्या दुकानांत एकच आग्रह सुरू होतो : गवत काढा, हनीकोंब टाका, एसीसारखी हवा येईल. हनीकोंब म्हणजे नागमोडी कागदाचे थर चिकटवून केलेला, मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसणारा पॅड. कापून मिळणारे हे पॅड चांगले आहेतच. पण जुन्या लोखंडी कूलरमध्ये ते ज्या पद्धतीने बसवून दिले जातात, त्यात बहुतेक घरांचे पैसे वाया जातात.

आधी गारव्याचा हिशोब. मे महिन्यात बाहेर ४४ अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक साधारण २३ अंश दाखवतो. कूलरची हवा त्याच्याखाली कधीच जात नाही. म्हणजे हातात २१ अंशांची फट असते, आणि त्यातली किती भरून निघते हे पॅडवर ठरतं. ४ इंच जाडीचा, सगळीकडून भिजलेला हनीकोंब तीन चतुर्थांश फट भरतो, म्हणजे हवा २८ अंशांच्या आसपास मिळते. नीट भरलेलं ताजं गवत ३० पर्यंत आणतं. आणि दुकानदार सर्रास बसवतो तो २ इंची हनीकोंब निम्म्याच्या थोडा वर जातो, म्हणजे ३२-३३ अंश. पैसे गवताच्या कितीतरी पट आणि हवा गवतापेक्षा गरम! वारा मात्र जोरात लागतो, कारण थरांमधल्या मोकळ्या वाहिन्यांतून हवा सहज जाते, आणि त्या वाऱ्यामुळे पहिले चार दिवस गिऱ्हाईक खूश असतं.

मग २ इंचीच का बसवतात? कारण जुन्या ताटीची, म्हणजे गवत भरायच्या जाळीदार चौकटीची, खोली दीड-दोन इंच असते आणि तेवढाच पॅड काहीही न कापता त्यात सरकतो. ४ इंची बसवायचा तर आधी टेप घ्या. २ फुटी डब्यात १८ इंची पंखा असेल तर दोन्ही बाजूंना मिळून ६ इंच उरतात. ४ इंची दोन पॅडना ८ लागतात. तिथे पॅड थोडा बाहेर काढावा लागतो, आणि मग त्याच्या तळाशी पत्र्याची पन्हळ टाकीच्या दिशेने उतार देऊन लावावी लागते, नाहीतर निथळणारं पाणी बाल्कनीत. अडीच-तीन फुटी डब्यात ही अडचण येत नाही. मागे ४ इंची आणि बाजूंना २ इंची हा सल्लाही दिला जातो. तो घेऊ नका. हवा सोपी वाट धरते, पातळ पॅडमधूनच जास्त ओढली जाते आणि मागचा जाड पॅड नुसता भिजत राहतो. तिन्ही बाजू सारख्याच हव्यात.

माल कसा पारखायचा? कडेने दहा थर मोजा. ते ७० मिलिमीटर भरले तर वाहिनी ७ मिलिमीटरची, म्हणजे आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याला योग्य. ५ मिलिमीटरवाला जास्त गार करतो, पण क्षारांनी लवकर तुंबतो. तुकड्याची खालची कड पाण्यात धरा. कागदात पाणी वर चढलं पाहिजे. चढत नसेल तर पॅड भिजणार नाही, पाणी नुसतं वाहिन्यांतून खाली घसरेल. तोच तुकडा रात्रभर बुडवून सकाळी दाबा. थर सुटले किंवा कागद लगद्यासारखा झाला तर माल परत. हिरवा, तपकिरी, काळ्या कडेचा, या रंगांनी गारवा बदलत नाही. वाहिन्यांचे दोन कोन वेगवेगळे असतील तर जास्त तीव्र उताराची वाहिनी बाहेरच्या बाजूला उतरती ठेवा, म्हणजे पाणी हवा आत शिरते त्या तोंडाशी राहतं. हे उलटं बसवलेलं हमखास दिसतं.

खरी मेख मात्र पाण्यात आहे. गवत थेंबाथेंबाने भिजवलं तरी चालतं, कारण त्यात पाणी आडवं पसरतं. हनीकोंबच्या वरच्या कडेवर दर चौरस मीटरला मिनिटाला ६० लिटर पाणी लागतं. २ फूट रुंद आणि ४ इंच जाड असे तीन पॅड धरले तर ताशी साधारण ६५० लिटर. कूलरच्या १८ वॅटच्या पंपावर छापलेला आकडा शून्य उंचीचा असतो. तीन-चार फूट चढवल्यावर त्याचं पाणी बरंच घटतं. म्हणून पॅडसोबत ४० वॅटचा पंप घ्या. तो नसेल तर पॅडवर कोरडे पट्टे पडतात, आणि कोरड्या पट्ट्यातून ४४ अंशांची हवा जशीच्या तशी आत येते. कूलर चालू करून पंधरा मिनिटांनी पॅडच्या बाहेरच्या अंगावरून हात फिरवला की हे पट्टे लगेच कळतात.

वरची भोकाची पत्र्याची पन्हळ काढून प्रत्येक बाजूला अर्धा इंची पीव्हीसी नळी घाला. दर २ इंचांवर ३ मिलिमीटरचं भोक पाडा आणि भोकं वरच्या दिशेने ठेवा, म्हणजे कचरा त्यांत अडकत नाही. वरून पत्र्याचं झाकण हवं, त्यावर आपटून पाणी पसरतं. नळी आणि पॅड यांच्यामध्ये हनीकोंबचीच इंचभर जाडीची पट्टी ठेवली की धार समान उतरते. नळीचं टोक चिकटवून बंद करू नका, काढता येईल असं बूच लावा. पॅडच्या चारही कडांना फोमची पट्टी लावून फटी बुजवा. खालची कड टाकीतल्या पाण्यापासून दोन इंच वर हवी. पाण्यात उभी राहिली तर तिथूनच कुजायला लागते.

ताशी ३,००० घनमीटर हवा फेकणारा कूलर भर उन्हाळ्यात ताशी २० लिटरच्या आसपास पाणी पितो. वाफ होते ती पाण्याची, क्षार टाकीतच राहतात आणि घट्ट होत जातात. त्यामुळे नुसती भर घालत राहू नका. दोन-तीन दिवसांनी टाकी पूर्ण रिकामी करा. पांढरा थर दिसू लागला की पंखा बंद ठेवून सायट्रिक अ‍ॅसिडचं सौम्य पाणी अर्धा तास फिरवा आणि मग साध्या पाण्याने धुवा. बाथरूमची फरशी धुवायचं अ‍ॅसिड वापरू नका, त्याने पॅड आणि पत्रा दोन्ही जातात. चांगल्या पाण्यावर पॅड तीन-चार उन्हाळे टिकतो, कडक पाण्यावर दोन. सुरुवातीला कागदाचा वास येतो. पंखा न लावता पाणी फिरवून ते दोनदा बदललं की जातो. रोज बंद करताना पंप वीस मिनिटं आधी बंद करून पंखा चालू ठेवा, म्हणजे पॅड सुकतो आणि शेवाळ धरत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी टाकीच्या भिंतीला चिकटून कोरडीही महिनोन्महिने जिवंत राहतात, म्हणून आठवड्याला एकदा भिंती घासायच्याच.

पंप मोठा केला की अर्थिंगकडे दुर्लक्ष नको. कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. डब्याचा रंग खरवडून उघड्या पत्र्यावर अर्थिंगची वायर स्क्रूने आवळा, तीन पिनी प्लग वापरा, आणि बोर्डात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचं आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या. पाणी भरताना प्लग काढलेला हवा, नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही.

हे सगळं काम, म्हणजे ४ इंची पॅड, पंप, नळ्या आणि पत्र्याचं काम, एकदम करणार असाल तर नवतपाच्या, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांच्या, दुपारी हनीकोंबच्या तोडीचं दुसरं काही नाही, आणि दर वर्षी गवत भरायची कटकटही संपते. डब्यात जागा नसेल तर हट्ट सोडा, गवतच भरा. फक्त मे महिन्याच्या मध्यावर ताट्या उघडून बघा : गवत खाली बसून वर चार बोटं मोकळी झालेली असतात. तेवढी भर घाला. वाळा आवडत असेल तर थोडा पुढच्या थरात मिसळा, वास छान येतो, पण गारवा वाढेल या आशेने नको. मुंबई-कोकणात यातलं काहीच करू नका. ३३ अंश आणि ६५ टक्के आर्द्रतेत ती तापमानाची फट पाच-साडेपाच अंशांचीच उरते, आणि खोली नुसती दमट होते.