साठ टीबीच्या टेप, बारा टीबीची डिस्क

मी एका पतसंस्थेचं संगणक खातं सांभाळतो. बॅकअपसाठी आम्ही व्हर्च्युअल टेप लायब्ररी घेतली आणि त्यात फसलो. ती विकणारा माणूस आणखी संस्थांच्या दारात जात असणार, म्हणून सगळं लिहितोय.

व्हर्च्युअल टेपमध्ये खरी टेप नसतेच. सर्व्हरच्या डिस्कवरची जागा बॅकअप सॉफ्टवेअरला टेप ड्राइव्ह (टेप वाचणारं-लिहिणारं यंत्र) आणि कार्ट्रिज (टेपची कॅसेट) म्हणून दिसते. विक्रेत्याच्या माणसाने ४ ड्राइव्ह आणि एलटीओ-५ या प्रकारच्या टेपची ४० कार्ट्रिज तयार करून दाखवली. प्रत्येकी दीड टीबी, म्हणजे स्क्रीनवर ६० टीबी. आत होत्या ४ टीबीच्या ४ डिस्क, रेड-५ मध्ये, म्हणजे एका डिस्कइतकी जागा सुरक्षेसाठी जाते. वापरायला मिळते ती १२ टीबी. मी हटकलं, तर म्हणाला, "सर, आत डीडुप्लिकेशन आहे. तोच डेटा पुन्हा आला तर पुन्हा साठवत नाही." हे तंत्र खरं आहे आणि रोज फुल बॅकअप घेणाऱ्याची त्यात खूप जागा वाचते, म्हणून मला पटलं. मग त्याने तिथल्या तिथे ५०० जीबीची फाइल बनवून टेपवर लिहिली. डिस्कची जागा जेमतेम हलली. आम्ही ऑर्डर दिली. वर ड्राइव्हमागे वार्षिक लायसन्सचे पैसेही भरले.

सहाव्या महिन्यात, ऐन मार्चअखेरीला, रात्रीचे बॅकअप जॉब अर्धवट बंद पडायला लागले. कार्ट्रिज रिकामी दिसत होती आणि डिस्क मात्र १०० टक्के भरलेली. आमचा रोजचा ७० जीबी जसाच्या तसा साठत गेला होता. तीन रात्री बॅकअपच नाही. हजारो ठेवीदारांचा हिशेब एका सर्व्हरवर आणि मागे काही नाही, त्या रात्री मला झोप लागली नाही. फोन केला तर उत्तर आलं, "स्टोरेज वाढवा आणि लायसन्स रिन्यू करा." सर्व्हरचा पूर्ण ताबा देणारा रूट पासवर्ड द्यायलाही नकार.

शेवटी बॅकअप सॉफ्टवेअरच्या डिव्हाइस यादीत ड्राइव्हचा सिरियल नंबर पाहिला: एक्सवायझेडझेडवाय_ए१. हा एमएचव्हीटीएल या मोफत, मुक्त स्रोत प्रणालीच्या तयार कॉन्फिगरेशनमधला नंबर. तोही बदललेला नव्हता. ही प्रणाली चांगली आहे, चाचणीसाठी मी स्वतः वापरतो; पण तिला लायसन्स फी नाही आणि ती डीडुप्लिकेशन करत नाही, फक्त कॉम्प्रेशन करते, म्हणजे डेटा दाबून लहान करते. कार्ट्रिजची क्षमता म्हणजे तयार करताना दिलेला एक आकडा, मागे डिस्क असो वा नसो. आणि डेमोतली ती फाइल नुसत्या शून्यांची होती. शून्यं दाबली की काहीच उरत नाही.

तुम्हाला कोणी असा डेमो दाखवला तर फाइल स्वतःची द्या. खऱ्या डेटाबेसचा बॅकअप एका कार्ट्रिजवर लिहा, सर्व्हरवर डिस्क किती भरली ते पाहा, मग तोच बॅकअप दुसऱ्या कार्ट्रिजवर लिहा. डीडुप्लिकेशन असेल तर दुसऱ्यांदा जागा फारशी वाढत नाही. आमच्याकडे हे केल्यावर ती सरळ दुप्पट झाली. पण तोवर पैसे गेले होते. बॅकअप आधीच दाबलेला किंवा एन्क्रिप्ट केलेला असेल तर खरं डीडुप्लिकेशनही फार साधत नाही, तेव्हा ही चाचणी करताना दोन्ही बंद ठेवा.

आम्ही वकिलामार्फत नोटीस पाठवली. वकिलांनी खरेदीची ऑर्डर मागून घेतली आणि एका ओळीवर बोट ठेवलं: '६० टीबी व्हर्च्युअल क्षमता'. डिस्कची प्रत्यक्ष जागा त्या कागदावर कुठेच लिहिलेली नव्हती.