चार्ल्स्टनची शीट: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

आधी गुण सांगून टाकते: पाचपैकी साडेतीन. मी चार देत होते, नवरा तीनवर अडून बसला होता.

वस्तू बाजारात मिळणारी नाही. गेल्या जूनमध्ये आम्ही दोघांनी चार्ल्स्टनला जायचं ठरवलं, तेव्हा बनवलेली ऑनलाइन शीट आहे ती. लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तोवरची प्रत्येक सहल म्हणजे कुणाचं तरी बारसं, नाहीतर कुणाची तरी वास्तुशांत. फक्त दोघांची अशी ही पहिलीच. आम्ही अमेरिकेत शार्लटला राहतो, तिथून गाडीने साडेतीन तास. साउथ कॅरोलायनातलं हे जुनं बंदर, १६७० साली वसलेलं, आणि खाण्यासाठी लोक मुद्दाम जातात असं. ऑफिसात ज्याला सांगावं तो आधी 'कुठे जेवणार?' हेच विचारायचा. तेव्हा वाटलं, ह्याला नीट बसून काहीतरी लिहायला हवं. चार टॅब केले: राहणं, जेवण, बघणं, पैसे. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज रात्री भांडी आवरली की शीट उघडायची. परतल्यावरही ती बंद झाली नाही, दोन मित्रांच्या जोड्या तीच घेऊन जाऊन आल्या. म्हणून आता लिहिते आहे.

सगळ्यात कामाचा निघाला 'जेवण' टॅब, आणि त्यातही नवऱ्याने घातलेला एक रकाना: 'पोर्क?' तो सोलापूरचा, शाकाहारी, अंडं चालतं. मी रत्नागिरीची, मला काहीही चालतं. त्या भागातल्या जेवणाची नावं वाचली की शाकाहाऱ्याला हायसं वाटतं. हॉपिन जॉन म्हणजे बघायला गेलं तर आपला चवळीभात. रेड राइस म्हणजे टोमॅटोभात. कॉलर्ड ग्रीन्स म्हणजे पालेभाजी. पण पारंपरिक पद्धतीत ह्या तिन्हींत डुकराची चरबी, बेकन नाहीतर हाडूक पडतं, आणि मेनूत ते लिहिलेलं असेलच असं नाही. एके ठिकाणी वाढणाऱ्या मुलीने नवऱ्याला मनापासून सांगितलं, 'मांस नाहीये ह्यात, फक्त चवीपुरतं बेकन आहे.' त्या दिवसापासून आमच्या घरी 'चवीपुरतं' हा शब्द वेगळ्याच अर्थाने चालतो. म्हणून ह्या रकान्यात 'हो' आणि 'नाही' पुरत नाहीत, तिसरा पर्याय हवा: 'फोन करून विचारायचं'. आणि विचारताना 'व्हेजिटेरियन आहे का' असं नाही, 'कशात शिजवलंय' असं विचारायचं.

त्याला उपाशी राहावं लागलं नाही. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, मऊ शिजवून लोणी घातलेल्या. त्याने पहिला घास घेतला आणि म्हणाला, 'आजारपणात आई करायची तशा आहेत.' हिरव्या टोमॅटोचे तळलेले काप होते, पिमेंटो चीज होतं. आणि खरी लॉटरी लागली रस्त्याकडेच्या एका टपरीवर, उकडलेल्या शेंगांची. मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडून टरफलासकट कागदी पिशवीत भरून देतात, खालून पिशवी ओली होत जाते. सोलापूरच्या माणसाला सातासमुद्रापार ओल्या शेंगा मिळाल्यावर काय होतं ते मी बघितलं आहे. गाडीच्या सीटखाली अजून टरफलं सापडतात.

मी कोळंबी आणि ग्रिट्स चार दिवसांत तीनदा खाल्लं. शी-क्रॅब सूपही घेतलं: मादी कुर्ल्यांचं, गाबोळीसकट, वरून शेरी. आई म्हणेल, गाबोळी अशी दुधा-मलईत का बुडवली. मला आवडलं, पण वाटीभरच. नॉर्थ चार्ल्स्टनमधल्या बर्थाज किचनला २०१७ साली जेम्स बिअर्ड फाउंडेशन ह्या खाद्यक्षेत्रातल्या नावाजलेल्या संस्थेचा 'अमेरिकाज क्लासिक्स' पुरस्कार मिळाला. निळ्या रंगाची साधी इमारत, रांगेत उभं राहून ताट वाढून घ्यायचं. तिथलं भेंडीचं सूप ह्या सहलीतलं सगळ्यात चांगलं जेवण. भेंडी बुळबुळीत लागते म्हणून जे नाक मुरडतात त्यांनी हे एकदा खावं. तीळ घातलेल्या पातळ बिस्किटांना तिथे बेने वेफर्स म्हणतात. तिळाला 'बेने' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या भाषांमधून आला, गुलाम म्हणून आणलेल्या माणसांबरोबर.

एक सूचना. नावाजलेल्या ठिकाणांची टेबलं काही आठवडे आधी खुली होतात आणि शनिवारची तर लगेच संपतात. 'आरक्षण कधी उघडतं' हा रकाना आम्ही ऑगस्टमध्ये घातला. जूनमध्ये घातला असता तर तीन महिने निव्वळ फोटो बघण्यात गेले नसते.

'राहणं' टॅबबद्दल फार सांगण्यासारखं नाही. १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम, तेव्हा पैसे परत मिळतील असंच बुकिंग करा. 'पैसे' टॅबमध्ये पार्किंग धरायला विसरलो. जुन्या शहरात गाडी एकदा ठेवून द्यावी, चालावं, आणि पाय दुखले की डॅश नावाच्या फुकट बसमध्ये बसावं.

'बघणं' टॅब मात्र फसला. त्यात ३१ ओळी होत्या, बघून झाल्या ११. दोष शहराचा नाही. आम्ही 'काय' लिहिलं, 'केव्हा' लिहिलंच नाही. फोर्ट समटरवर १२ एप्रिल १८६१ ला तोफा डागल्या गेल्या आणि अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं. तो किल्ला बंदराच्या तोंडाशी पाण्यात आहे, फेरीने जाऊन-येऊन सव्वादोन तास लागतात. शीटमध्ये त्याच्यापुढे फक्त 'मस्ट' लिहिलं होतं. घोडागाडीच्या फेरीपुढे मी अमुक गल्ल्या बघायच्या म्हणून लिहून ठेवल्या होत्या. तिथे गेल्यावर कळलं, कुठल्या भागात जायचं हे गाडीवान ठरवत नाही, नगरपालिकेच्या चौकीवर तंबोल्यासारखा गोळा निघतो आणि त्यावर ठरतं. आम्हाला मिळाला तो भाग यादीत नव्हता. चांगला होता.

शेवटी मजा आली ती यादीबाहेरच. तिथली जुनी घरं रस्त्याकडे आपली अरुंद बाजू करून उभी असतात, एका खोलीइतकीच रुंद, आणि एका अंगाला लांबलचक पडवी. तिला ते पियाझा म्हणतात. रस्त्यावरचं दार उघडलं की घरात नाही, पडवीतच पाऊल पडतं. भिंतींवर लोखंडी चकत्या दिसतात. ३१ ऑगस्ट १८८६ च्या भूकंपानंतर भिंती आवळून धरायला आरपार सळया घातल्या, त्यांची ती टोकं. रेनबो रोच्या १३ रंगीत घरांसमोर फोटोसाठी गर्दी होती. आम्ही बाजूच्या गल्लीत चकत्या मोजत बसलो.

आणि मार्केटमध्ये टोपल्या विणणारी एक बाई. स्वीटग्रास नावाच्या गवताच्या ह्या टोपल्या गल्ला समाजाच्या, म्हणजे गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशातल्या, बायका विणतात, वेटोळं घालत घालत. तिच्यापाशी एक रुंद, उथळ टोपली होती. मी हातात घेतली आणि नकळत झटका दिला, जसा सुपाला देतात. तिने वर बघून विचारलं, 'तुझ्याकडे तांदूळ पाखडतात का?' ती टोपली त्याचसाठीची. इथली श्रीमंती भातावर उभी राहिली, कॅरोलायना गोल्ड नावाच्या. ते पिकवण्याचं ज्ञान पश्चिम आफ्रिकेतल्या भातशेतीच्या किनाऱ्यावरून पकडून आणलेल्या लोकांचं होतं. भरतीचं खारं पाणी खालून रेटलं की नदीतलं गोडं पाणी चढतं. ते 'ट्रंक' नावाच्या लाकडी दारांतून शेतात घ्यायचं आणि ओहोटीला सोडून द्यायचं. आमच्याकडचे खारबंधारे समुद्राचं पाणी बाहेर ठेवतात. इथे त्याच समुद्राच्या जोरावर शेत भिजवत होते.

आता बुटांची गोष्ट. आम्ही गेलो तो कोजागिरीचा आठवडा. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, आकाश निरभ्र असताना, मार्केटजवळच्या रस्त्यावर पाणी आलं. पाऊस नाही, वारा नाही. गटाराच्या जाळीतून शांतपणे वर येत होतं. नवऱ्याला वाटलं पाइप फुटला. मी चुकून बोटाला लावून चाखलं, खारट. समोरचा दुकानदार सवयीने दारात वाळूची पोती लावत होता. तोवर आम्ही गाडीपर्यंत जायला निघालो होतो आणि घोट्याच्या वरपर्यंत भिजलो. नवे बूट, पुढे दोन दिवस हेअर ड्रायरखाली.

रात्री आजीला फोन केला. तिने गोष्ट अर्धीच ऐकली आणि म्हणाली, 'पौर्णिमा ना गं? उधाण असणारच.' खाडीकाठी वाढलेली मी! भांगाची लहान भरती कधी, उधाणाची मोठी कधी हे तिथीवरून बोटांवर मोजणाऱ्या घरातली. चार टॅब आणि ३१ ओळी केल्या, पण भरतीचा रकाना सुचला नाही. तिथे बंदरातल्या मोजमापावर भरती ७ फुटांवर गेली की सखल रस्ते भिजायला लागतात आणि हवामान खातं तसा इशारा देतं. सगळं उघड्यावर छापलेलं असतं. सोलापूरचा माणूस ह्यावर पुढे चार महिने हसला.

शेवटच्या दिवशी इंटरनॅशनल आफ्रिकन अमेरिकन म्युझियममध्ये गेलो, २०२३ साली सुरू झालेल्या. गॅड्सडेन्स वॉर्फवर, गुलामांची जहाजं जिथे लागायची तिथेच. इमारत खांबांवर उचललेली, त्या जमिनीवर टेकत नाही. खाली फरशीत माणसांच्या आकृत्या कोरल्या आहेत, गुलामांच्या जहाजात निजवायचे तशा खेटून, अंगाला अंग लावून. त्यांच्यावर पाणी चढतं आणि उतरतं. आम्ही वरची दालनं बघायला दोन तास राखले होते, पण खालीच पाऊण तास गेला. पाणी ओसरलं की आधी खांदे दिसतात, मग चेहऱ्याची जागा. नवरा काही बोलला नाही. दुपारचं टेबल होतं, ते फोन करून रद्द केलं त्याने. शीटमध्ये ह्या ओळीपुढे मी 'एक तास' लिहिलं होतं.

घरी आल्यावर शीट दुरुस्त केली. 'बघणं' मधल्या २० ओळी उडवल्या. उरलेल्यांपुढे 'कुठल्या वाराला बंद', 'किती वेळ' आणि 'नंतर लगेच काही ठेवू नये' असे रकाने घातले. सगळ्यात पुढे नवा टॅब आला, 'भरती': तारीख, वेळ, फूट आणि कालनिर्णयातून उतरवलेली तिथी. अर्धा गुण त्याचाच वाढला.

परवा एका मैत्रिणीने शीट मागितली. नवऱ्याबरोबर मार्चमध्ये जाते आहे, अझेलिया फुललेल्या बघायच्या म्हणून. दहा मिनिटांत तिचा मेसेज: 'पहिलाच टॅब भरतीचा कशाला? आम्ही पोहायला थोडीच चाललोय.'

मी तिला बुटांचा फोटो पाठवला.