नौपाड्यातलं दुरुस्तीचं दुकान: अ‍ॅडॉप्टर सुधारला, वर बोलणीही खाल्ली

मी घरी गाण्याचे वर्ग घेते. मुलांच्या सरावाच्या कीबोर्डचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर जूनमध्ये बिघडला. हिरवा दिवा लुकलुकायचा आणि आतून टिक-टिक यायची. घराजवळच्या एकाने दोनशे रुपये घेऊन डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) बदलून दिला. आठ दिवस चालला, तोही हाताला चटका बसेल असा तापून. नवव्या दिवशी परत टिक-टिक.

मग एका मुलीच्या आईने गोखले रोडच्या आतल्या गल्लीतलं हे दुकान सांगितलं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोघं उभे राहिले की तिसऱ्याने पावसात थांबायचं. मी तिसरी होते.

दुकानातल्या काकांनी डायोडचा एक पाय बोर्डावरून सोडवला (जागेवर मोजलं तर शेजारचे भाग खोटी साक्ष देतात म्हणे) आणि मल्टिमीटर (वीज मोजायचं यंत्र) लावला. चांगला सिलिकॉन डायोड एका बाजूने ०.५ ते ०.७ व्होल्ट दाखवतो, उलट बाजूने काहीच नाही. आमचा दोन्हीकडून शून्य, म्हणजे शॉर्ट: वीज दोन्हीकडून आरपार. टिक-टिकीचं कोडंही सुटलं: पुढे शॉर्ट दिसला की अ‍ॅडॉप्टर स्वतःला बंद करतो, जरा वेळाने चालू होऊन बघतो, पुन्हा बंद.

डायोडवर नंबर होता १एन५४०८. तीन अँपियर, हजार व्होल्ट. मी म्हटलं, एवढा दणकट होता तर जळला कसा? काका म्हणाले, "बाई, हा भिंतीतल्या विजेसाठी. ती सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. या डबीत तेच काम सेकंदाला हजारो वेळा चालतं." प्रवाह उलटला की डायोडने दार लावायचं असतं. हा सावकाश लावतो, तेवढ्यात थोडा प्रवाह मागे शिरतो आणि दर खेपेला थोडी उष्णता साठते. म्हणजे विलंबितावर बसलेल्या तबलजीला द्रुत तराण्याला बसवलं, असं मी म्हटलं. काका हसले नाहीत.

त्यांनी पाच अँपियर, शंभर व्होल्टचा शॉटकी डायोड घातला. तो चटकन मिटतो आणि स्वतःवर व्होल्टही कमी खातो. मूळचाही शॉटकीच असणार, म्हणाले. मग तो का गेला? "अ‍ॅडॉप्टर ठेवता कुठे?" मी खरं सांगितलं: सतरंजीखाली, मुलं वायरीत अडखळू नयेत म्हणून. पाच मिनिटं बोलणी खाल्ली. शॉटकी तापला की उलटी गळती वाढते, गळतीने आणखी तापतो, आणि एक दिवस आडवा होतो. शेजारचा कॅपॅसिटरही (वीज साठवणारा भाग) फुगला होता, तोही बदलला.

आता तासभर वर्ग चालला तरी अ‍ॅडॉप्टर जेमतेम कोमट होतो. नुसता भाग बदलून न थांबता तो का मेला हे विचारणारा माणूस मला तरी पहिल्यांदाच भेटला.

तक्रारीही आहेत. दुपारी दीड ते पाच दुकान बंद, फोन कधीच उचलत नाहीत, गाडी लावायला जागा नाही. आणि बिल मागितलं, तर वर्तमानपत्राच्या कपट्यावर लिहून दिलं: "२५०. सतरंजी नको."